वाचकांचे प्रश्न : रस्त्याकडेची झाडं आणि मे महिन्यातली सावली

मागच्या अंकात रस्त्याकडेच्या झाडांवर चार ओळी लिहिल्या होत्या, त्यावर एवढी पत्रं आणि व्हॉट्सअॅप मेसेज आले की सगळ्यांना वेगवेगळं उत्तर देणं शक्यच नाही. म्हणून जे प्रश्न पुन्हा पुन्हा आलेत ते इथे घेतलेत. मी स्वतः रोपवाटिका चालवते आणि दर पावसाळ्यात आमच्या भागातल्या लोकांबरोबर झाडं लावायला आणि नंतर तीन वर्षं त्यांना पाणी घालायला जाते, त्यामुळे जे सांगतेय ते बरंचसं मातीत हात घालून शिकलेलं आहे.

ताई, आमच्या नागपुरात दर पावसाळ्यात झाडं लावल्याच्या बातम्या येतात, फोटो येतात, तरी मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातोच. मग झाडांनी खरंच काही फरक पडतो का? का आपण उगाच स्वतःची समजूत घालतोय?
*— एक बँक कर्मचारी, नागपूर*

फरक पडतो दादा, आणि चांगलाच पडतो, पण तो कुठे पडतो हे आधी समजून घ्या म्हणजे निराशा होणार नाही. रस्त्यावर झाडं लावली म्हणून वेधशाळेचा ४५ चा आकडा ३८ वर येणार नाहीये. हवेचं तापमान झाडांमुळे थोडंच उतरतं. पण आपल्याला जो त्रास होतो तो काही नुसत्या हवेचा नसतो ना, डोक्यावरचं ऊन वेगळं, पायाखालच्या डांबराची धग वेगळी, बाजूची भिंत आणि उभी असलेली गाडी तापून जी आग फेकतात ती वेगळी. मे महिन्यात दुपारी उघड्यावरचं डांबर ६० अंशांपर्यंत सहज तापतं. झाड ऊन वरच्यावर पकडतं त्यामुळे ही सगळी धग तयारच होत नाही.

आमच्या चौकात रिक्षा स्टँड आहे, अर्धी रांग एका जुन्या करंजाखाली आणि अर्धी उघड्यावर. गेल्या मेमध्ये दुपारी अडीचच्या सुमाराला मी तिथे मुद्दाम थांबले. उघड्यावरच्या रिक्षाच्या सीटवर हात ठेवला तर पाच आकडे मोजायच्या आत उचलावा लागला, करंजाखालच्या सीटवर मी पंधरा मिनिटं निवांत बसले होते. दोन रिक्षांमध्ये अंतर जेमतेम वीस पावलांचं, हवा तीच, पारा तोच. स्टँडवरचे काका म्हणाले, दुपारी एक ते चार नंबर कोणाचा लागतो हे कोणी बघतच नाही, सगळे आधी करंजाखाली गाडी घुसवायला बघतात.

अजून एक गोष्ट आहे जी आपल्याकडे कोणी फारशी लक्षातच घेत नाही. शून्य सावली दिवस तुम्हाला माहीत असेल, पुण्यात तो १३-१४ मेच्या आसपास येतो, मुंबईत १५-१६ मेला, तुमच्या नागपुरात साधारण २६ मेला. म्हणजे ऐन उन्हाळ्यात भर दुपारी सूर्य अगदी डोक्यावर. त्या वेळी बिल्डिंग कितीही उंच असू दे, तिची सावली फुटपाथवर पडतच नाही. डोक्यावर पानांचं छप्पर असेल तरच सावली, नाहीतर नाही. थंड देशांत दोन बिल्डिंगच्या मधली गल्ली सावलीत असते, आपल्याकडे मेमधल्या दुपारी ते चालत नाही.

आणि झाड नुसती सावली देऊन थांबत नाही. मुळांनी ओढलेलं पाणी पानांतून वाफ होऊन जातं आणि त्या वाफेबरोबर उष्णता जाते, अंगावरचा घाम वाळला की गार वाटतं तसंच. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला साधारण ०.६८ युनिट एवढी उष्णता लागते. मोठ्या झाडाने दिवसभरात १०० लिटर पाणी वाफ करून सोडलं, तर दीड टनाचा एसी १२-१३ तास चालवल्याएवढा गारवा झाला. आणि एसी खोलीतली उष्णता उचलून रस्त्यावरच टाकतो, म्हणजे तुमची खोली गार आणि खालून जाणाऱ्या भाजीवाल्या मावशीला अजून चटका. अर्थात मुळांना ओल असेल तरच झाड एवढं पाणी देणार, चारी बाजूंनी सिमेंट केलेलं झाड कुठून देईल? मुंबईकरांनी हेही लक्षात ठेवायला हवं की दमट हवेत वाफेचा गारवा कमी जाणवतो, तिथे मुख्य भिस्त सावलीवर.

आता थोड्या अंशांनी काय होतं असं वाटत असेल तर युरोपचा हिशोब बघा. तिथल्या ९३ शहरांचा अभ्यास २०२३ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला. शहराचा ३० टक्के भाग झाडांच्या छत्राखाली आणला तर तापमान सरासरी ०.४ अंशच उतरेल, पण शहरातल्या जास्तीच्या उष्णतेमुळे जे मृत्यू होतात त्यातले एक तृतीयांशाहून जास्त टळतील असं त्यात निघालं. अर्धा अंशसुद्धा नाही, तरी एवढे जीव.

मग तुमच्याकडे फरक का दिसत नाही? कारण मोजणी रोपांची होते, सावलीची होत नाही. तीन वर्षांपूर्वी जिथे लावली होती त्या रस्त्याने या मेमध्ये दुपारी चालत जा आणि किती पावलं सावलीत पडली ते मोजा. हा आकडा तुमच्या नगरसेवकाला विचारा, लावलेल्या रोपांचा नको.

आमच्या रो-हाउससमोर रस्त्याकडेला आठ झाडं लावायची आहेत. कोणी म्हणतं गुलमोहर लावा छान दिसतो, नर्सरीवाला कोनोकार्पस देतोय, म्हणतो पाणी लागत नाही आणि दोन वर्षांत हिरवंगार. काय करू?
*— एक गृहिणी, सोलापूर*

कोनोकार्पस अजिबात घेऊ नका काकू. परदेशी झाड, पटकन वाढतं म्हणून सगळीकडे लावत सुटले, पण मुळं पाइप आणि ड्रेनेजमध्ये घुसतात, परागामुळे सर्दी-दम्याचा त्रास होतो म्हणून तक्रारी आल्या, गुजरात सरकारने तर २०२३ मध्ये त्यावर बंदीच घातली. तेलंगणानेही आधीच नको म्हटलंय. पक्षीसुद्धा त्यावर फारसे बसत नाहीत.

गुलमोहर मलाही आवडतो, मूळचा मादागास्करचा असला तरी आता आपलाच वाटतो. पण तो मार्च-एप्रिलमध्ये पानं टाकून उभा असतो, लाकूड ठिसूळ, मुळं उथळ, वळवाच्या वाऱ्यात फांदी मोडायची भीती. बहाव्याचंही तसंच, पिवळ्या झुंबरांनी डोळे निवतात पण तेव्हा अंगावर पान जवळजवळ नसतं. पांगारा, काटेसावर ऐन उन्हाळ्याच्या तोंडावर निष्पर्ण. ही झाडं बागेत हवीतच, मधमाश्या आणि पक्षी त्यांच्यावरच जगतात, पण चालणाऱ्या माणसाच्या डोक्यावर सावली हवी असेल तर झाड निवडताना एकच विचारा, एप्रिल-मेमध्ये याला पानं असतात का?

सोलापुरात मी डोळे झाकून कडुनिंब आणि करंज सांगेन. कडुनिंबाला पाडव्याच्या सुमाराला नवी पालवी येते म्हणजे उन्हाळा तापायच्या आत छप्पर तयार, करंज तर एप्रिलमध्ये असा पोपटी होतो की बघत राहावं. दोन्ही कमी पाण्यावर जगतात, गुरं-बकऱ्या करंजाला सहसा तोंड लावत नाहीत हा रस्त्यावर मोठाच फायदा. रस्ता रुंद असेल तर चिंच, शिरीष. वर वीजेच्या तारा असतील त्या बाजूला मोठं झाड लावूच नका, नाहीतर दरवर्षी तारांसाठी त्याचा शेंडा छाटला जाणार आणि झाड कधी धड वाढणारच नाही, तिथे कांचन किंवा पारिजातक पुरे. बकुळ आणि पुत्रंजीवा बारमाही हिरवे, आटोपशीर, पण वाढायला सावकाश, तेवढा धीर ठेवा. वड, पिंपळ, नांदरुक यांच्यासारखी सावली दुसऱ्या कोणाची नाही, फक्त ते कंपाउंडच्या भिंतीला चिकटून नकोत, चौकात, शाळेच्या मैदानाच्या कडेला, बसस्टॉपमागच्या मोकळ्या जागेत लावा. कोकण-मुंबईच्या वाचकांनी भेंड आणि उंडी जरूर बघावीत, खाऱ्या वाऱ्यात टिकतात.

आणि आठही एकाच जातीची लावू नका. मुंबईत रस्तेच्या रस्ते रेन ट्रीचे होते, पिठ्या ढेकूण ही कीड पडली तेव्हा एका पाठोपाठ एक वाळत गेले. मिसळून लावली असती तर रस्ता एकदम उघडा पडला नसता.

रस्ता उत्तर-दक्षिण असेल तर आधी पूर्वेकडच्या फुटपाथवर लावा, कारण दुपारनंतरचं पश्चिमेचं ऊन तिथेच येतं.

आमच्या सोसायटीबाहेर दोन जुनी झाडं आहेत. दर पावसाळ्यात कुठेतरी झाड पडून माणूस गेल्याची बातमी येते, त्यामुळे मीटिंगमध्ये सगळे म्हणतायत की तोडूनच टाकू. मी एकटी विरोध करतेय. काय सांगू त्यांना?
*— एक निवृत्त शिक्षिका, मुलुंड*

बाई, त्यांची भीती खरी आहे, ती खोडून काढू नका. पण झाड का पडतं ते त्यांना दाखवा.

खाली जाऊन बुंध्यापाशी बसा. पेव्हर ब्लॉक किंवा काँक्रीट अगदी खोडाला भिडलंय का? बहुतेक भिडलेलं असेल. त्याखाली ना पाणी जातं ना हवा, बारीक मुळं मरतात, आणि वरून झाड हिरवं दिसतं म्हणून कोणाला कळत नाही. मग गटारासाठी, केबलसाठी, गॅसलाइनसाठी कोणीतरी चर खणतं आणि एका बाजूची जाड मुळं सरळ तोडून टाकतं. त्यात मे महिन्यात छाटणीवाले येतात आणि तारांच्या किंवा गेटच्या बाजूच्या सगळ्या फांद्या उडवतात, वजन एकीकडे झुकतं. जूनमध्ये माती भिजली, वारा आला, झाड पडलं. झाडाचं हे सगळं आपणच करून ठेवलेलं असतं.

दिल्लीबद्दल राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये स्पष्ट आदेश दिला होता की झाडाभोवतीचं एक मीटरपर्यंतचं काँक्रीट काढा. तुम्हीही पालिकेच्या वॉर्ड ऑफिसमध्ये उद्यान खात्याकडे लेखी अर्ज द्या, बुंध्याभोवतीचं सिमेंट काढून माती मोकळी करून हवी म्हणून, आणि झाडाची तपासणी करून हवी म्हणून. वाळलेली फांदी, खोडाला पोकळी, बुंध्याशी अळंबी, एका बाजूला माती उचललेली, यातलं काही दिसलं तर ते अर्जात फोटोसकट लिहा. छाटणी करावीच लागली तर ती दोन्ही बाजूंनी तोल साधून, माहितगार माणसाकडून.

आणि मीटिंगमध्ये हेही सांगा की आपल्या राज्यात १९७५ पासून नागरी भागातल्या झाडांसाठी कायदा आहे, परवानगीशिवाय झाड तोडणं तर सोडाच, फांद्या छाटणं, खोडाची साल काढणं, औषध घालून मारणं हेसुद्धा त्यात झाड तोडण्यातच धरतात. झाड सोसायटीच्या आत असलं तरी.

बाई, एकट्या पडू नका. त्या झाडाखाली इस्त्रीवाला बसत असेल, वॉचमन खुर्ची टाकत असेल, शाळेच्या बसची वाट बघत मुलं उभी राहात असतील. त्यांनाही मीटिंगला बोलवा.

मियावाकी जंगल लावलं तर शहर जास्त गार होईल का?
*— एक विद्यार्थी, ठाणे*

पडीक कोपरा असेल तर जरूर लाव. अकिरा मियावाकी या जपानी शास्त्रज्ञांची ही पद्धत, एका चौरस मीटरमध्ये तीन-चार रोपं, दाट हिरवा पुंजका होतो, पक्षी-फुलपाखरं येतात. पण कुंपणाच्या आत असलेल्या त्या पुंजक्याखालून माणूस चालत नाही. बसस्टॉप ते कॉलेजचा गेट या रस्त्यावर दर आठ-दहा मीटरवर एकेक झाड जगवलंस तर चालणाऱ्याला त्याचा उपयोग जास्त. उड्डाणपुलाच्या खांबांवरच्या कुंड्यांबद्दलही दोघातिघांनी विचारलंय, त्या बघायला छान वाटतात पण त्यांची सावली कोणाच्या डोक्यावर पडते?

आमच्या लातूरला २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. माणसांनाच पाणी नाही तिथे रस्त्यावरच्या झाडांना कुठून घालायचं? हे शहाणपण पुण्या-मुंबईला ठीक आहे.
*— एक दुकानदार, लातूर*

तुमचा राग मला समजतो दादा, आणि प्रश्न अगदी रास्त आहे. ज्यांनी ते दिवस काढलेत त्यांना पाणी वाचवा असं मी काय सांगणार.

पण रस्त्याकडेच्या झाडाला आयुष्यभर पाणी लागत नाही, पहिले तीन उन्हाळे लागतं. कडुनिंबाचं मूळ एकदा खाली ओलीपर्यंत पोचलं की ते स्वतःचं बघतं. तीन उन्हाळे म्हणजे एका रोपाला आठवड्याला एक-दोन कॅन, २० लिटरचे. आमच्याकडे आम्ही काय करतो सांगते, जुना २० लिटरचा कॅन घ्यायचा, बुडाला सुईने बारीक भोक पाडायचं आणि रोपाच्या बाजूला अर्धा पुरून ठेवायचा. संध्याकाळी भरला की रात्रभर थेंब थेंब मुळाशीच जातं, वरून बादली ओतली तर निम्मं पाणी रस्त्यावर वाहून जातं. त्याभोवती वाळलेल्या पाल्याचा वीतभर जाड थर. तो पाला जाळू नका, मी हात जोडून सांगते, तोच रोपाचा उन्हाळा निभावतो. एसीचं गळणारं पाणी, भाज्या-तांदूळ धुतलेलं पाणी, सगळं चालतं.

खरं मरण पाण्याच्या आधीच झालेलं असतं. खड्डा जेमतेम हातभर, त्यात बांधकामाचा राडारोडा, रोपाची काळी पिशवीसुद्धा न काढता तसंच पुरलेलं. मागच्या वर्षी एका रस्त्यावर वाळलेली रोपं आम्ही उपटून बघितली तर एकामागून एक पिशवीसकट निघाली, मुळं आत गोल गोल फिरून वेणीसारखी झालेली, माती त्यांनी कधी बघितलीच नव्हती. हातात धरून रडू आलं मला. पिशवी कापून काढा, वळलेली मुळं हलक्या हाताने सोडवा, खड्डा मीटरभर लांब-रुंद-खोल, त्यात चांगली माती आणि शेणखत, आणि रोप दोन फुटी नको, आठ-दहा फुटी घ्या म्हणजे बकरीच्या तोंडापासून शेंडा वर राहतो. काठीला बांधाल तर सुतळीने सैल बांधा. पहिल्या दोन चांगल्या पावसांनंतर लावलं की मूळ धरायला पूर्ण पावसाळा मिळतो.

आणि आठ झाडांचं पाणी नसेल तर दोनच लावा. दोन जगलेली चालतील मला.

झाडामुळे दुकानाची पाटी झाकली जाते, पानं पडतात, पक्षी घाण करतात. आमचंही ऐका.
*— एक व्यापारी, नाशिक*

ऐकतेय. पाटी दिसण्यासाठी खालच्या फांद्या परवानगी घेऊन छाटून घेता येतात, शेंडा न तोडता. झाड मोठं झालं की पानांचं छप्पर पाटीच्या वरच जातं. पानांचा कचरा होतो हे खरं, तो बुंध्याशीच टाका. पण दुपारी दोन वाजता कोणत्या दुकानासमोर गाडी लावावीशी वाटते, उन्हातल्या की सावलीतल्या, हे तुमच्या गिऱ्हाइकालाच विचारून बघा. आणि कृपा करून खोडाला खिळे ठोकून बोर्ड लावू नका, लाइटच्या माळा घट्ट गुंडाळू नका, लोखंडी ट्री गार्ड खोडात रुतायला लागला की कापून काढा. मी स्वतः एक करंज बघितलाय ज्याने लोखंडी जाळी निम्मी गिळली होती, तिथूनच तो मोडला.

रस्ता रुंदीकरणात आमच्या भागातली वडाची रांग जाणार आहे. म्हणतात एकाच्या बदल्यात दहा लावू. आम्ही काही करू शकतो का?
*— नागरिकांचा एक गट, पुणे जिल्हा*

करू शकता, पण वेळेवर. आधी बदल्यातल्या दहांचा हिशोब. साठ वर्षांच्या वडाखाली अख्खा आठवडी बाजार बसतो, दहा रोपांखाली एक सायकलसुद्धा सावलीत उभी राहात नाही, आणि ती दहा बहुतेक वेळा गावाबाहेरच्या कुठल्यातरी टेकडीवर लावतात. चटका बसणार तो या रस्त्यावरच्या माणसाला, म्हणजे एक अख्खी पिढी उन्हात चालणार. म्हणून नवीन लावण्यापेक्षा जुनं वाचवणं हे शहर गार ठेवायचं सगळ्यात स्वस्त काम आहे, हे मी कितीही वेळा सांगायला तयार आहे.

तुमचा रस्ता पालिका किंवा नगरपरिषदेच्या हद्दीत असेल तर कायद्याचा आधार आहे. २०२१ मध्ये आपल्या वृक्ष कायद्यात बदल झाला, ५० वर्षं किंवा त्याहून जुन्या झाडाला वारसा वृक्ष म्हटलंय, आणि झाड तोडावंच लागलं तर त्याच्या वयाएवढी झाडं लावायची, साठ वर्षांचं असेल तर साठ, आणि ती सात वर्षं जगवायची जबाबदारीही आहे. म्हणजे दहाचं बोलणं तिथेच खोटं पडतं. तोडण्याआधी नोटीस पेपरमध्ये द्यावी लागते आणि झाडावरही लावावी लागते, आणि त्यावर हरकत नोंदवता येते. ही नोटीस बऱ्याचदा कोणाच्या लक्षातच येत नाही आणि मुदत निघून जाते. म्हणून आजच प्रत्येक वडाचा फोटो काढा, बुंध्याचा घेर छातीच्या उंचीवर टेपने मोजा, गावातल्या म्हाताऱ्यांकडून झाडाचं वय लिहून घ्या, आणि रोज फिरायला जाणाऱ्यांपैकी एकाला नोटीस बघायचं काम नेमून द्या.

रस्ता हलत नाही असं तुम्हाला कोणी सांगेल. सांगली जिल्ह्यातल्या भोसे गावचा जुना वड रत्नागिरी-नागपूर महामार्गाच्या आड येत होता, २०२० मध्ये लोकांनी आवाज उठवला आणि हायवेची आखणी बदलली गेली. तुमच्या रस्त्यातही बघा, रांग मधे ठेवून दोन्ही बाजूंनी लेन नेता येते का, किंवा वडाच्या पलीकडे फुटपाथ आणि सायकलचा पट्टा जातो का, हा नकाशा एखाद्या आर्किटेक्ट किंवा इंजिनिअर मित्राकडून काढून घ्या. नुसतं झाड तोडू नका म्हणण्यापेक्षा रस्ता असा न्या म्हणून कागद पुढे ठेवला तर अधिकारीही बसून बोलतात, हा माझा अनुभव आहे.

घेर मोजले की मला यादी पाठवा, हरकतीचा अर्ज लिहायला मी मदत करते.